खाकरून आत यावे

६ मे, सोमवार

पोचले. सामान लावलं, कूलरमध्ये पाणी भरलं, आणि आता ओल्या वाळ्याचा वास घेत निवांत बसले आहे. ऑपरेशन झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

घर माझ्या मावसबहिणीचं, शोभाचं. इतवारीत, भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत. तिच्या सासऱ्यांनी पुढे दुकान आणि मागे घर असं बांधलं होतं. ती मंडळी आता वर्धा रोडला फ्लॅटमध्ये राहतात. दुकानाचं गोदाम झालं आहे आणि घर रिकामं असतं. पडकं-बिडकं काही नाही. पक्कं स्लॅबचं घर, फरशी नवी, नळाला पाणी. एवढंच की अरुंद आणि लांबलचक आहे. गोदामाच्या कडेच्या दारातून बैठक, बैठकीतून मधली खोली, तिच्यातून स्वयंपाकघर आणि सगळ्यांत मागे ही माझी खोली. प्रत्येक दाराला उंबरा. खोलीमागे छोटा चौक, त्यात नळ आणि न्हाणी, भोवती उंच भिंत. बाहेर पडायचं तर सगळ्या खोल्या ओलांडून पुढूनच.

शोभाचं म्हणणं, बैठकीत झोप, तिथे एसी आहे. मी मान हलवली. एसीनं खोकला वाढतो. शिवाय हातगाड्यांचा आणि टेम्पोंचा गोंगाट या मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. तिनं आणखी एकदा आग्रह केला. मी आणखी एकदा मान हलवली. जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका होते. नाही म्हणायची मला सवय आहे.

प्रकृतीची हकिकत एकदाच लिहून टाकते. मार्चमध्ये थायरॉइडची ग्रंथी काढली. गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही. पण आवाज गेला तो पुरता परतला नाही. डावा स्वरतंतू सुस्त आहे म्हणतात. कुजबुजल्यासारखं काहीतरी निघतं, तेही धड नाही. आणि खोकला. कोरडा. कफ नाही, ताप नाही, छातीचा फोटो स्वच्छ. घशात कुणी गवताची काडी फिरवावी तसं होतं, आणि मग काही केल्या थांबत नाही. आवाजाच्या व्यायामांना आठवड्यातून तीनदा यायचं. नरखेड तालुक्यातल्या भावाच्या गावाहून मे महिन्यात एसटीनं ते जमलं नसतं. म्हणून इथे.

व्यायाम शिकवणारी अश्लेषा ही माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान असेल. तिनं सांगितलं, सध्या बोलायचं नाही, लिहायचं. बाजारातून पाटी-पेन्सिल घेतली आहे लोकांसाठी. ही वही माझ्यासाठी.

७ मे, मंगळवार

सकाळी उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासानं चहा, मग कॅल्शियम. नऊ वाजता पिंकी आली. झाडू-पोछा आणि पोळ्या करते. आल्या आल्या माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघून म्हणाली, “बाई, गळा कोनं कापला तुमचा? नवऱ्यानं त नाही ना?” मी पाटीवर लिहिलं, नवरा नाही. तिनं वाचलं आणि म्हणाली, “मंग बचल्या तुम्ही.”

मी हसले आणि हसण्याचा खोकला झाला. तिनं पाठ चोळली. मला तसलं आवडत नाही, पण पोरगी मायाळू आहे. दिवसभर बडबडते आणि मी उत्तर देत नाही म्हणून रुसते: “काहून बोलून नाही राहिल्या बाई? माह्यावर रागावल्या का?” पाटीवर रोज तेच लिहावं लागणार असं दिसतं.

दुपारी सगळी गल्ली ओस पडते. इथले दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून गादीवरच आडवे होतात. कूलरची घरघर आणि लांबून एखादं भांडं आपटल्याचा आवाज, एवढंच. मला अशी शांतता हवीच होती.

९ मे, गुरुवार

अश्लेषाकडे जाऊन आले. तिचं म्हणणं असं. माझा खोकला आजाराचा नाही, दुखावलेल्या नसेचा आहे. गरज नसताना घसा घंटी वाजवतो आणि मी दर वेळी दार उघडायला धावते. धावायचं नाही. काडी फिरू लागली की हनुवटी खाली घ्यायची, आवंढा गिळायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, नाकानं श्वास आत, ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर. लक्ष दुसरीकडे, हाताला काहीतरी काम. खाकरून घसा साफ करणं तर पूर्ण बंद. मी लिहून विचारलं, किती दिवसांत जमेल? ती म्हणाली, मॅडम, तुम्हीच सांगा, पाढे किती दिवसांत पाठ होतात? पोरगी हुशार आहे.

दुपारी पडले होते तेव्हा पुढच्या दारापाशी कुणीतरी खाकरलं. एकदाच, भारदस्त, पुरुषी. शोभानं सांगितलं होतं की गोदामाची किल्ली देवरावकडे असते, म्हातारा विश्वासू माणूस आहे. मला बरं वाटलं. आजकाल माणसं बेल दाबून दाबून जीव खातात किंवा थेट आत घुसतात. आमच्या लहानपणी घरात पुरुष माणूस यायचा तो उंबऱ्याबाहेर खाकरून. आत बायाबापड्या असतात, पदर-बिदर सावरायला वेळ द्यावा, ही रीत. अजून पाळणारं कुणी आहे तर.

उठणार तेवढ्यात माझ्याच घशात काडी फिरली आणि खोकला सुटला. खोकला शमल्यावर पुढे जाऊन पाहिलं तर कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. बाई माणूस आहे हे ऐकून परत गेला असेल.

१२ मे, रविवार

परवाही आणि आजही तो खाकरला. भर दुपारी, याच वेळेला. आज आवाज जवळून आला, बैठकीच्या आतल्या दारापाशी. पिंकी जाताना बाहेरचं दार नुसतं लोटून गेली असणार. उद्या तिला बोलायला हवं.

आज मी उठले नाही. ऊन इतकं की डोळे उघडवत नव्हते. आवाज देता येत नाही, मग मुद्दाम एकदा खोकून उत्तर दिलं. म्हणजे ये बाबा, काय हवं ते घेऊन जा. आमच्या आईकडेही असंच होतं. सासऱ्यांशी सुना बोलत नसत. बाहेर ते खाकरायचे, आतून सून हलकेच खोकायची, की समजायचं सगळं सावरलेलं आहे, या. तेव्हा मला या गोष्टीचा संताप यायचा. आज सोयीची वाटली.

चपलांचा आवाज झाला नाही. फक्त लवंगेचा वास आला. म्हातारी माणसं घशासाठी तोंडात लवंग धरतात.

१४ मे, मंगळवार

अश्लेषाकडे आज ‘आ’ काढला. मोजून चार सेकंद टिकला. चिरका, फुटका, पण माझा. ती टाळ्या वाजवायला लागली. मी तिला पाटीवर लिहून दाखवलं की शाळेत माझ्या प्रार्थनेला कधी माईक लागला नाही. ती म्हणाली, तोच आवाज परत आणायचा आहे, पण तोवर खोकून खोकून स्वरतंतू एकमेकांवर आपटू नका. प्रत्येक खोकला तुम्हाला एक पाऊल मागे नेतो.

दुपारी खाकरणं मधल्या खोलीत. मी पुन्हा खोकून उत्तर दिलं. खरं तर दिलं नाही, सुटलंच. नंतर उठून पाहिलं. मधली खोली रिकामी. गोदामाकडून काही नेल्या-आणल्याचा मागमूस नाही. देवरावला घरातून हवंय तरी काय?

१६ मे, गुरुवार

सकाळी पिंकीला पाटीवर विचारलं की देवराव रोज दुपारी कशाला येतो. तिनं दोनदा वाचलं. मग म्हणाली, “देवराव? तो त लेकीच्या लग्नाले गावाले गेला बाई. तुम्ही यायच्या पयलेच गेला. गोदाम बंद हाये.”

मग रोज कोण येतं, लिहिलं. ती हसली. म्हणाली, कोनी नाही येऊन राहिलं, बाजूच्या शेठजीचा खोकला ऐकू येत असंल, भिंती चिकटून हायेत. आणि बाहेरचं दार ती रोज घट्ट ओढून घेते, नुसतं लोटून कधी जात नाही. उलट मीच आतून कडी लावते, तिला सकाळी बाहेर ताटकळावं लागतं. हे खरं आहे. कडी मीच लावते.

भिंत चिकटून आहे हेही खरं. दुपारी मी जागी राहिले, खुर्चीत बसून, भिंतीला कान लावून. आवाज भिंतीतून आला नाही. स्वयंपाकघराच्या पलीकडून, मधल्या दाराच्या उंबऱ्यावरून आला. मी आवंढा गिळला. पाणी प्यायले. नाकानं श्वास. त्यानं वाट पाहिली. वाट पाहणं ऐकू येतं हे मला आज कळलं. मग पुन्हा खाकरला, जरा समजावणीच्या सुरात. आणि माझा खोकला सुटला.

लवंगेचा वास स्वयंपाकघरात आला. ओट्यावरच्या भांड्यांच्या अलीकडे.

१८ मे, शनिवार

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. इथल्याच कॉलेजातून बी.एस्सी. केलं, त्या काळी वर्गात आम्ही मोजक्या मुली होतो. तेव्हा शिस्तीनं विचार करायचा. ऑपरेशननंतर कॅल्शियम घसरलं की बोटांना मुंग्या येतात, माणूस घाबरं होतं, भास होऊ शकतात. काल रक्त तपासलं. कॅल्शियम ठीक. थायरॉइडची गोळी जास्त झाली तरी छाती धडधडते. तीही तपासणी ठीक. डॉक्टर म्हणाले, उन्हाचं बाहेर पडू नका.

काल दुपारी सगळ्या दारांना कड्या लावल्या. मधल्या दाराला, स्वयंपाकघराला, माझ्या खोलीला. तो स्वयंपाकघराच्या आत, माझ्या बाजूला खाकरला. कडी तशीच लावलेली.

म्हणजे कडीचा संबंध नाही. जो आवाज करून विचारतो त्याला कडी अडवत नाही. होकार मिळाला की तो पुढच्या उंबऱ्यावर येतो. नाही मिळाला तर उभा राहतो. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, रोज बघते आहे. आणि होकार मीच देते आहे.

आज जमलं. आज मी खोकले नाही. गिळलं, प्यायले, श्वास सोडला, स्वेटरची वीण विणत बसले मेच्या उकाड्यात. तो उभा होता. उन्हं कलेपर्यंत उभा होता. मग गल्लीतली शटरं वर गेली आणि तो नव्हता.

पुढे सरकला नाही. पण मागेही गेला नाही.

२० मे, सोमवार

शोभा आंबे घेऊन आली. मी तिच्यासमोर पाटी धरली: या घरात दुपारी कोण खाकरायचं?

तिनं आंब्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, बापूजी. तिचे सासरे. फार मर्यादेचा माणूस, अख्ख्या इतवारीत नाव होतं. घर स्वतःचं, पण स्वतःच्या घरातही खाकरल्याशिवाय कुठल्या खोलीत पाऊल टाकलं नाही. सुना त्यांच्यासमोर बोलत नसत. ते खाकरायचे, आतून खोकल्याचं उत्तर आलं की यायचे. नाही आलं तर उंबऱ्याबाहेर उभे. कितीही वेळ. उत्तराशिवाय आत आले असं कुणी म्हणणार नाही.

मी लिहिलं: ही मागची खोली कुणाची होती?

ती म्हणाली, ताई, मी म्हटलं होतं ना तुला, पुढे झोप म्हणून.

मी पाटी पुढे धरूनच ठेवली. शाळेत याचा उपयोग व्हायचा, अजूनही होतो. कामिनीची, म्हणाली. तिची थोरली जाऊ. नवरा काविळीनं गेला तेव्हा तेवीस-चोवीसची असेल. तिला मागची खोली दिली. दुपारी दुकान बंद करून पुरुष जेवायचे, सगळे झोपायचे. बापूजी तिच्या दारापाशी येऊन खाकरायचे. ती उत्तर द्यायची नाही. ते रोज उभे राहायचे. रोज. शोभा तेव्हा नवी नवरी होती; स्वयंपाकघरात भांडी आवरताना तिच्या पाठीमागूनच जायचे ते.

मग त्या उन्हाळ्यात कामिनीला खोकला लागला. वाळ्याची गार हवा सोसली नाही. ती तोंडात पदर कोंबून बसायची दुपारभर. पण खोकला तो, कुणाचं ऐकतो?

शोभानं आंब्याची पिशवी उगाच सरळ केली. मी पाटी खाली ठेवली नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “कामिनी म्हणायची मी बोलावलं नाही. बापूजी म्हणायचे, खोकली ना. आता तूच सांग ताई, यात बाकीच्यांनी काय बोलायचं?”

तो सबंध उन्हाळा कामिनीचा खोकला गेला नाही. एके दिवशी दुपारी चहाला उठली नाही म्हणून दार उघडलं, तर कोपऱ्यात बसलेली, पदर तोंडात, पार घशापर्यंत. खोकू नये म्हणून. कामिनी गुदमरून मेली. लोकांना दम्याचं सांगितलं. बापूजी नंतर पुष्कळ जगले, शांतपणे गेले. बैठकीतला हार घातलेला फोटो त्यांचाच.

जाताना शोभा म्हणाली, चल माझ्याकडे. मी पाटीवर ‘नाही’ लिहिलं. मी रागात होते. ज्याला जिवंतपणी कुणी ‘नाही’ म्हटलं नाही, त्याच्यासाठी मी घर सोडून पळू? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला रुमाल दिला नाही.

आता लिहिताना वाटतं, जायला हवं होतं.

२१ मे, मंगळवार

अश्लेषाला सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, एक शब्द तरी मोठ्यानं कधी म्हणता येईल? तिनं विचारलं, कोणता? मी लिहिलं, ‘नका’. ती म्हणाली, ‘न’ सोपा, नाकातून येतो. ‘का’ला घसा आवळतो, तिथे खोकला येईल. त्याऐवजी ‘नाही’ धरा. आम्ही ‘नाही’चा सराव केला. ‘ना’ येतो. पुढचं हवेत विरतं.

दुपारी तो खाकरला. आता स्वयंपाकघराच्या मधोमध, माझ्या दाराकडे तोंड करून. मी ‘ना’ म्हटलं. ‘ही’ निघालं नाही, त्याच्या जागी खोकला निघाला.

मी त्याला ये म्हटलं.

२२ मे, बुधवार

माझ्या उंबऱ्यावर. दार बंद आहे. दाराच्या फटीतून लवंग.

फळीला अंग टेकल्यावर लाकूड जसं कुरकुरतं तसं एकदा कुरकुरलं. बस. मग उभा.

मी गिळत राहिले. तांब्या संपला. नळ चौकात आहे, पण उठले असते तर श्वास लागला असता. उठले नाही. जमलं.

पण एक गोष्ट लिहायला हवी. मी गिळायची तेव्हा खोलीत आणखी कुणीतरी गिळत होतं. माझ्यामागून, पलंगाच्या कोपऱ्यातून. आवंढ्याचा आवाज. माझा नव्हे. माझा मला ओळखू येतो, दोन महिने दुसरं ऐकते आहे काय?

२३ मे, गुरुवार

जमलं. कसंबसं.

पिंकीनं विचारलं, बाई, तोंड काहून असं काळं पडलं? मी लिहिलं, ऊन. तिनं लिंबू-सरबत केलं. ‘माय वं, तुम्ही त वाळून चालल्या,’ म्हणाली. तिला थांबवून ठेवावंसं वाटलं दुपारभर. पण तिला घरी लहान मूल. आणि ती खोकली तर? तरुण पोरगी. तिनं नकळत उत्तर दिलं तर?

पाटीवर लिहिलं, लवकर जा. उद्यापासून येऊ नकोस. ती रुसून गेली.

कोपऱ्यातली मुलगी आज माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होती. तिला खोकला आवरत नाही. कापड कोंबल्यावर जसा घुसमटलेला —

मुलगी म्हणते आहे मी तिला. वर्गातली असल्यासारखं.

२४ मे, शुक्रवार

शोभाचा मुलगा सौरव. त्याला व्हॉट्सॲपवर लिहिलं, मला घेऊन जा. त्यानं अंगठा पाठवला आणि लिहिलं, मावशी उद्या सकाळी दहाला गाडी आणतो. आज नाही जमत का विचारलं. आज कळमेश्वरला कारखान्यात आहे म्हणाला.

मोठ्या रस्त्यापर्यंत एकटी चालत जाऊन ऑटो करावा असं सकाळी ठरवलं होतं. बैठकीपर्यंत गेले. हार घातलेल्या फोटोखालून जाताना खोकला सुटला, आणि बसावं लागलं, आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून ती खोकली. दाबलेला. एकच.

ती एकटी आहे तिथे. मी गेले की दुपारी ती एकटी.

परत आले. मूर्खपणा आहे. मला माहीत आहे. पण सगळं आयुष्य मी पोरींना एकटं सोडून गेले नाही, आता उतारवयात —

दुपार दोघींनी मिळून काढली. मी गिळते, ती गिळते. तिला अजून येत नाही. ती श्वास धरून ठेवते, आणि धरलेला श्वास फुटतो. सोडायचा असतो, सावकाश, ओठांतून. तिला कुणी सांगितलंच नाही. मला सांगता येत नाही.

पाटीवर लिहून कोपऱ्यात ठेवली. गिळ. नाकानं श्वास. तिला वाचता येत असेल का?

२५ मे, शनिवार

आज नवतपा लागला. नऊ दिवस आग. सकाळीच भिंती तापल्या.

दहा वाजले. सौरव नाही. मेसेज: टेम्पो उलटा लागलाय गल्लीत, माल उतरवून राहिले, मावशी पाच मिनिटं.

पाच मिनिटं झाली. अकरा. बॅग बैठकीत ठेवली आहे. गोळ्यांची पिशवी मागे राहिली ती घ्यायला आले —

तो आज लवकर आला.

दाराबाहेर. मी आत. खाकरला.

लिहिते आहे. हाताला काम हवं. लक्ष दुसरीकडे. हनुवटी खाली. गिळ. घोट. नाकानं.

पुन्हा. आता रागानं. मला खोकला आला होता. गेला. मी जिंकले हा —

सौरवला लिहिलं, लवकर. दोन निळ्या खुणा. टेम्पो हलला म्हणे.

ती नाही जिंकत.

कोपऱ्यात बघते आहे. काही दिसत नाही, पण पलंगाची चादर आवळली जाते आहे, मुठीत धरल्यासारखी. तिचा श्वास धरलेला. सोड गं. धरू नकोस. सोड सावकाश. पदर काढ तोंडातून, मरशील. पुन्हा मरशील —

पाटी तशीच. तिला वाचता येत नाही.

खोकला तिचा येतोय. मला ऐकू येतोय, छातीच्या तळातून. आला की तो आत. खोकली ना, म्हणेल.

कुणीतरी बोललं पाहिजे. तिच्याऐवजी. त्याला. मोठ्यानं.

‘ना’ येतो. ‘ही’ हवेत जातं. नाहीतर त्याच्या जागी —

घोट घेतला. शेवटचा. उभी राहिले. दारापाशी. लवंग.

ती माझ्याकडे बघते आहे. मला पाठीवर कळतं. वर्गात कळायचं तसं.

श्वास पोटातून, अश्लेषा म्हणाली. घसा सैल. प्रार्थनेच्या वेळी जसा —

मी तोंड उघडते आहे. काय निघेल ते —